कुत्र्याच्या खांद्यावरची गाठ

त्या श्रावणात आमच्या दारातल्या कुत्र्याला गोचिडांनी बेजार केलं होतं. बुलढाण्याला त्या दिवसांत पाऊस पडतो असं म्हणण्यापेक्षा पाऊस मुक्कामाला येतो म्हणावं. ढग घरात शिरतात, दोरीवरचं लुगडं वाळता वाळत नाही, आणि कुत्र्याच्या अंगावर गोचिड टरारून फुगतात. दुपारची भांडी आटोपली, की मी एका फुटक्या कपात रॉकेल घ्यायचे आणि त्याला ओसरीत ओढून बसवायचे. न्हाव्यापुढे बसावं तसा तो मान खाली घालून बसायचा. मी एकेक गोचिड ओढून कपात टाकायचे. त्या कामात मला मोठं समाधान मिळायचं, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

अशाच एका दुपारी त्याच्या डाव्या खांद्यावर, मानेच्या जरा खाली, माझ्या बोटांना काहीतरी लागलं. वाटलं, हा सगळ्यांत मोठा गोचिड असणार. केस बाजूला करून पाहिले तर गोचिड नव्हता. कातडीखाली गाठ होती, सुपारीएवढी. दाबल्यावर जरा सरकली. कुत्रा कण्हला नाही, वळूनही पाहिलं नाही त्याने. कुत्र्यांना तिथे असं काही असतंच की काय, म्हणून मी उजवा खांदाही चाचपून पाहिला. तिकडे काही नव्हतं. मी घाबरून रॉकेलचा कप खाली ठेवला.

एका गावठी कुत्र्याच्या गाठीला एवढं घाबरायचं काय, असं कोणी विचारेल. तो कुत्रा माझ्या सासऱ्यांचा होता, आणि त्या घरात मी आणि सासरे एकमेकांशी जे काही बोलायचो ते त्याच्यामार्फत.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घेऊन वावरायची आणि त्याच्याशी तोंडावर बोलायची नाही. सासराही सुनेला थेट काही सांगायचा नाही. घरात शिरताना तो दारातून खाकरायचा, की सुनेने उठून आत व्हायचं. मधे सासू असली म्हणजे हे सगळं निभून जातं. ती इकडचं तिकडे पोचवते, वर थोडं मीठमिरचीही लावते. माझ्या सासूबाई मात्र माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नणंद नव्हती, घरात लेकरू नव्हतं. नवरा जिल्हा परिषदेत कारकून. परिषद नुकतीच निघालेली, त्यामुळे साहेब नवे, टेबलं नवी, आणि हे दिवेलागणीशिवाय घरी यायचे नाहीत. दिवसभर घरात मी आणि मामाजी. मामाजी म्हणजे सासरे. मी त्यांना तसं म्हणायचे ते मनातल्या मनात, नाहीतर नवऱ्याशी बोलताना.

तेव्हा मामाजी ओसरीत बसून कुत्र्याला म्हणायचे, "काय बे, आज भाकरीचा काई बेत दिसत नाई वाटते." मी चुलीपासून म्हणायचे, "अरे, सांग त्यायले, तवा तापून राह्यला. हातपाय धुवा म्हणा." भाजी अळणी झाली, की ते घास मोडता मोडता कुत्र्याला सांगत, "तुह्यं बरं आहे लेका. तुले मिठाचं काई समजतच नाई." आणि पिठलं झकास जमलं असेल तर कुत्र्यापुढे रिकामी ताटली धरून, "पाह्य, तुह्यासाठी काई ठेवलंच नाई!" असं मोठ्याने, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. कुत्रा एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा दाराकडे, आणि दोन्हीकडे शेपटी हलवायचा. त्याला नाव नव्हतं. मामाजी त्याला 'बे' म्हणत, मी 'अरे' म्हणायचे, आणि त्याला दोन्ही कळायचं.

मामाजी आमच्याकडे आले ते याच कुत्र्यामुळे, आणि आले नसते तेही याच्यामुळेच. चिखलीच्या पुढे त्यांचं गाव. थोडी जमीन, एक बैलजोडी, आणि दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी. गुडघा धरला तशी जमीन चुलतभावाला बटईने दिली, बैल विकले, आणि घरात एकटे राहू लागले. भाकरी करून घालणारं तिथे कोणी नव्हतं. माझ्या नवऱ्याने फार विनवण्या केल्या, तेव्हा म्हणाले, "कुत्रं येत असन तर येतो." एसटीचा कंडक्टर कुत्र्याला गाडीत घेईना. मामाजींनी पेटी पोराच्या हवाली केली, त्याला गाडीत बसवून दिलं, आणि स्वतः तो दुखरा गुडघा घेऊन कुत्र्याबरोबर पायी निघाले. वाटेत एका देवळात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दिवे लागताना दारात पोचले, पायरीवर बसले, आणि आम्हा दोघांना नाही, तर कुत्र्याला म्हणाले, "पोचलो बे."

नवऱ्याने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, "हे कुत्रं आहे तोवर बाबा इथं आहेत. त्याचं काही बरंवाईट झालं, का ते गावाचा रस्ता धरतात पाह्य." ते गावाला गेले असते तर त्या बंद घरात उपाशी राहून संपले असते, हे आम्हा दोघांना कळत होतं. आणि माझी स्वतःचीही एक गोष्ट होती. माझे वडील मी लहान असताना गेले. खाकरत घरात येणारा, भाकरीची वाट बघत बसणारा मोठा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. मला तो हवा होता. जाऊ द्यायचा नव्हता.

संध्याकाळी नवरा आला तसं मी त्याला आत बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "गोचिड चावला असन, सूज आली असन." मग कुत्र्याला लाडात घेतल्यासारखं करून स्वतः हात लावून पाहिला, आणि आत येऊन बराच वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाबाले काई सांगायचं नाई," तो म्हणाला.

"मंग करायचं काय?"

"पाहू. जरा थांबू."

कचेरीत हीच विद्या शिकवत असावेत. पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून आम्ही थांबलो.

थांबणं म्हणजे काय, तर मी रोज दुपारी ती गाठ चाचपायची. गोचिड केव्हाच संपले होते, तरी मी रॉकेलचा कप घेऊन बसायचेच. मामाजी पलीकडून म्हणायचे, "तुह्या अंगावर गोचिड राह्यला नाई बे, तरी तुले लोळवून राह्यले. लाड झाले तुहे." मी कुत्र्याला आणखी जवळ ओढायचे. गाठ कधी तेवढीच वाटे, कधी वाढल्यासारखी. माझं मन मला दोन्ही गोष्टी तितक्याच खात्रीने सांगायचं.

सगळ्यांत कठीण वेळ संध्याकाळची. मामाजी ओसरीत बसले, की कुत्रा त्यांना टेकून बसायचा, आणि त्यांचा हात नेमका त्याच्या डाव्या खांद्यावर. माझा जीव वरखाली व्हायचा. आता बोटांना लागणार, आता विचारणार! मग मी आत मुद्दाम घागर आपटायचे, किंवा "अरे, ये, पाणी पी" म्हणून कुत्र्याला हाक मारायचे. तो बिचारा तहान नसताना यायचा, दोन जिभा पाणी प्यायचा आणि परत जायचा. मामाजींचा हात पुन्हा तिथेच. कधीकधी तर ते धोतराचा सोगा त्याच्या पाठीवर टाकत, थंडी वाजते म्हणून. श्रावणात कुत्र्याला थंडी! पण मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

बाजाराच्या दिवशी मामाजी सकाळीच बैलबाजारात जात. घ्यायचं काही नसे. बैलांचे दात बघत, खूर बघत, दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालत, आणि दुपारी खूश होऊन परत येत. बाजारातली कुत्री भांडतात म्हणून आमच्या कुत्र्याला मात्र घरी ठेवत. असा दिवस साधून आम्ही दोघं त्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. नवऱ्याने अर्धी रजा टाकली. कारण काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

दवाखान्याच्या आवारात बैलच बैल. बाजाराला आलेला प्रत्येक जण जाता जाता बैलाचं काहीतरी दाखवून घ्यायला आलेला. त्या गर्दीत आम्ही दोरीला बांधलेलं कुत्रं घेऊन उभे, तेव्हा लोक हसणारच. एकाने विचारलंही, "हे दूध किती देते?" नवरा लाल झाला. कुत्र्याला मात्र कशाचं काही वाटलं नाही. बैलांच्या पायांमधून वाट काढत तो सरळ व्हरांड्यात गेला आणि डॉक्टरांच्या टेबलाशेजारी जाऊन बसला.

"हुशार आहे," नवरा म्हणाला.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "हा तुमचा का?"

"माझ्या वडलांचा," नवरा म्हणाला. "पण साहेब, एक विनंती आहे. वडलांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांच्या जिवाला लागेल."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. हसू असावं. "नाही सांगणार," ते म्हणाले. त्यांनी गाठ दोन बोटांत धरून पाहिली, फार वेळ घेतला नाही. "चरबीची गाठ असावी. तशी असेल तर काही करत नाही, नुसती राहते. दुसऱ्या प्रकारची असेल तर वाढत जाईल. कापता येते, पण याचं वय झालंय, आणि खरं सांगू का, माझा हात इथे बैलांवरच बसलाय. खोटा धीर देणार नाही. काही दिवस लक्ष ठेवा." आम्ही निघालो तसं त्यांनी मागून पुन्हा हाक मारली. "आणि घरात सगळ्यांनी बसून एकदा बोला. खरंच बोला." नवरा वाटेत म्हणाला, "एवढ्या तेवढ्या गाठीसाठी घरात काय सभा भरवायची?"

पोळा जवळ आला तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. आता माझं मनही दोन गोष्टी सांगेनासं झालं. वाढली होती. मला तेव्हा पाचवा महिना होता, मळमळ संपून जरा बरं वाटू लागलं होतं, आणि माझं सगळं लक्ष मात्र त्या लिंबावर.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू घासून घासून बैलाच्या मानेमागे घट्टे पडतात, कधी सूज येते, तिला 'खांद आली' म्हणतात. त्या संध्याकाळी शेतकरी तूप आणि हळद कोमट करतो, पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला लावतो, शेकतो, आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतो. आमच्या घरी आता बैल नव्हते. मामाजींना तो दिवस जड जाणार हे मी धरूनच चालले होते. पण सकाळी ते काठी घेऊन बाहेर पडले आणि पळसाची पानं घेऊन आले. दुपारी ओसरीतून ऐकू आलं, "बे, थोडं तूप भेटन का, इचारून पाह्य. न् चिमूटभर हळद." मी वाटीत तूप आणि हळद घालून उंबऱ्यावर ठेवली. पलीकडे एका गवळ्याचे बैल होते. म्हटलं, त्यांचे खांदे शेकून हौस भागवणार असतील.

दिवस बुडायच्या सुमारास मी सरपण आणायला परसात गेले. न्हाणीच्या मागे चार विटांमध्ये विस्तव केलेला, त्यावर माझी वाटी, आणि पुढ्यात मामाजी मांडी घालून बसलेले. समोर कुत्रा. मामाजी पळसाचं पान तुपात बुडवत, विस्तवावर धरत, स्वतःच्या गालाला लावून बघत, आणि मग कुत्र्याच्या डाव्या खांद्यावर, अगदी त्या गाठीवर, हलक्या हाताने दाबत. पुटपुटत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला म्हणतात तसंच. 'बे' नव्हे, 'या'.

नेहमी खाकरायचे ते. या वेळी मी खाकरायला हवं होतं. माझ्या हातातलं एक लाकूड पडलं आणि त्यांनी वर पाहिलं. झटकन त्यांनी गाठीवर तळहात ठेवला. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, तो चेहरा मला फार लागला. आणि मग त्यांनी, लग्न होऊन मी घरात आल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे बघून मला सांगितलं.

"सूनबाई, हे कोणाले लागनारं दुखनं नाई. तू भेऊ नको. त्याची खांद सुजली. बाकी काई नाई."

"कुत्र्याले खांद?" माझ्या तोंडून निघून गेलं. "कुत्र्याच्या मानेवर कोणी जू ठेवते का, मामाजी?"

त्यांनी पान पुन्हा तुपात बुडवलं. "ठेवत नाई. पण हा जनमभर माह्या दमणीखालून चालला. चिखलीच्या बाजारापावतर, उनातानात. लोक हासतात गाडीखालच्या कुत्र्याले, का याले वाटते गाडी आपूनच ओढून राह्यलो. वाटत असन तर वाटो ना. ज्याले वाटते आपून ओढून राह्यलो, त्याचा खांदा दुखनच."

त्यांना हे खरं वाटत होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. खांद्यावरची सूज म्हणजे जू घासलं. तूप लावलं, शेकलं, चार दिवस सुट्टी दिली की उतरते, एवढं त्यांना ठाऊक होतं आणि आयुष्यभर ते खरं ठरलं होतं. याच्याहून वेगळं काही असू शकतं हे मनात यायला नको, म्हणून त्यांनी कुत्र्याचा बैल करून टाकला होता.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"गावीच होती. बारकी होती, हरबऱ्याएवढी." वाटी विस्तवावर सरकवत ते म्हणाले, "तू दोन जिवाची. घरात लेकरू येनार. दुखनाईत कुत्रं घरात कोन ठेवते? म्हनून बोललो नाई, झाकून ठेवलं. आता मोठी झाली, झाकत नाई. पोळा झाला का घेऊन जातो त्याले गावाले. गठोडं बांधलं आहे म्या."

मला राग आला. खरोखरीचा राग आला, सासऱ्यापुढे सुनेला येऊ नये तसा. पदर डोक्यावरून केव्हाच पडला होता. मी लाकडं खाली टाकली.

"आमीच झाकून राह्यलो इतके दिवस! तुमाले समजलं तर तुमी जासान म्हनून! रोज माह्या जिवाचं पानी होते. गुरांच्या दवाखान्यातई नेलं आमी त्याले, तुमी बाजारात गेल्ते तवा."

मामाजींचा हात थांबला. "तुमीबी नेलं?"

"तुमीबी म्हंजे?"

"म्याबी नेलं होतं. तुमच्या आंदी. डाक्टरले म्हटलं, साहेब, घरी सांगू नका, सूनबाई पोटुशी आहे."

डॉक्टरांचं ते आलेलं-गेलेलं हसू मला तेव्हा समजलं, आणि टेबलाशेजारी जाऊन बसलेल्या कुत्र्याची हुशारीही. "आमीबी तेच म्हटलं," मी म्हणाले. "वडलांले सांगू नका म्हनून."

मामाजी हसायला लागले. दात नसलेल्या तोंडाने, खोकला येईपर्यंत हसले. मीही हसत होते आणि मला रडू येत होतं, दोन्ही एकदमच. कुत्र्याला वाटलं काहीतरी खायचं आलं, त्याने वाटीकडे तोंड नेलं आणि उरलेलं तूप चाटायला लागला.

"गठोडं सोडा," मी म्हणाले. "कोनी कुठी जात नाई. कुत्रंबी नाई न् तुमीबी नाई. लेकरू आलं म्हंजे मी एकटी काय काय पाहू?"

दुसरं पान उचलून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "विस्तवावर लई धरू नको, हात भाजन." मी शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी मिळून कुत्र्याचा खांदा शेकला.

दुसऱ्या दिवशी गावात बैल सजले, वाजतगाजत गेले. आमच्या ओसरीत कुत्र्यासमोर पत्रावळ मांडली गेली. कुत्रा जेवल्याशिवाय मामाजी पाटावर बसेनात. त्याने पुरणपोळ्या खाल्ल्या, भजी खाल्ली, आणि शेवटी अर्धी पत्रावळही. नवरा हे सगळं बघून एवढंच म्हणाला, "आता कचेरीतल्या कोनाले सांगू नको." रात्री मात्र त्याने स्वतः वडिलांचं गाठोडं सोडून कपडे खुंटीला लावले.

नंतर आम्ही तिघेही कुत्र्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर उठून उभे राहिले. "झालं का बोलणं?" त्यांनी विचारलं. गाठ वाढली होती आणि आता ती चरबीची नसावी असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कापायचं की नाही हे मामाजींवर सोडलं. मामाजी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाई कापत. त्याले दुखत नाई तोवर असू द्या." त्यानंतर ते रोज संध्याकाळी शेकत. उपयोग होत नाही हे तिघांनाही माहीत होतं, कुत्र्याला मात्र ते फार आवडायचं.

खांदा शेकायच्या त्या संध्याकाळी मामाजी आणि मी तोंडावर एवढं बोललो, पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिलंच सुरू झालं. सवयच तशी. ते कुत्र्याला सांगत, मी कुत्र्याला सांगायचे. मला वाटतं, दोघांनाही त्यात जास्त मोकळं वाटत होतं.

हिवाळ्यात मी बाळंतपणाला खामगावला माहेरी गेले. नवरा भेटायला आला, की माझी तब्येत विचारायच्या आधी मी त्याला कुत्र्याची विचारायचे. फाल्गुनात मुलीला घेऊन परत आले, तेव्हा ती गाठ मोसंबीएवढी झाली होती आणि कुत्रा लंगडत चालत होता. तरी दारापर्यंत आला, मुलीचं दुपटं हुंगलं, आणि पाळण्याखाली जाऊन बसला. पाळणा हलला की मान वर करून बघायचा.

चैत्रात त्याने खाणं सोडलं. एका सकाळी मामाजी ओसरीत बसलेले असताना, त्यांच्या पायावर डोकं ठेवून गेला. काही आवाज नाही, काही त्रास नाही. मामाजींनी बराच वेळ पाय हलवला नाही. मग उठले, परसात शेवग्याजवळ स्वतः खड्डा खणला. नवऱ्याने कुदळ मागितली तर दिली नाही. मी रडले, नवराही रडला. मामाजी रडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर घर एकदम गप्प झालं. मी भाकरी वाढायचे, ते खायचे. मीठ कमी की जास्त, कोणी कोणाला सांगत नव्हतं. नवरा त्यांना म्हणाला, "आता नात आहे ना, तिच्यासंगं बोलून सांगत जा." पण तेही त्यांनी केलं नाही. नातीला मांडीवर घेत, गप्प बसत. मी रात्री निजताना हाच विचार करायचे, की उद्या उठून पाहू तर खुंटीवरचे कपडे नसतील.

आणि मग एका सकाळी मी पाहिलं, मामाजी डोक्याला पटका बांधून, काठी घेऊन, पायरीवर उभे आहेत. पायात वहाणा. मी कडेवरच्या मुलीसकट तशीच दारात गेले. पदर, रीत, काही आठवलं नाही.

"मामाजी, गावाले चालले का?"

त्यांनी वळून पाहिलं. "काऊन?"

"तुमी म्हटलं होतं, कुत्रं येत असन तर येतो. आता ते नाई."

ते घराच्या कडेने दिसणाऱ्या परसाकडे बघत राहिले. शेवग्याखालची माती अजून काळी, उकरलेली दिसत होती.

"त्याले इथं मातीत ठेवलं, सूनबाई," ते म्हणाले. "आता मी कुठी जाऊ?"

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"बोराटीच्या काट्या आनाले चाललो. डुकरं उकरतीन नाईतर. येतोच. च्या करून ठेव. न् साखर जरा जास्त टाकजो, तू लई कमी टाकतं."

मी आत येऊन चहाचं आधण ठेवलं. डोळे असे भरून आले होते की किती साखर पडली ते कळलंच नाही. मामाजी काट्यांचा भारा घेऊन आले, शेवग्याखालच्या मातीवर त्या नीट रचल्या, हातपाय धुतले आणि ओसरीत बसून चहाचा घोट घेतला. मग दाराकडे तोंड करून मला म्हणाले, "आता जास्त झाली, सूनबाई."